बाल न्याय मंडळातल्या कोर्ट स्टाफचं ट्रेनिंग : दोन दिवसांत नेमकं काय शिकवायचं?

रोजनामा
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं कोर्टात लिपिक आहे, आधी दिवाणी टेबल मग फौजदारी, आणि दीड वर्षापूर्वी बदलीने बाल न्याय मंडळात (अठरा वर्षांखालच्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप असेल तर चौकशी करतं ते) आले. इथे आल्यावर मला काय शिकवलं? तर कपाटाची चावी दिली आणि "फायली वर्षवार लावल्यात, उंदरांकडे लक्ष ठेवा" एवढं सांगितलं, संपलं ट्रेनिंग. आता जिल्ह्यातल्या स्टाफसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठरलंय आणि वरून निरोप आलाय की विषय तुम्हीच काढा. लिपिक, स्टेनो, शिपाई, डेटा एंट्रीवाली मुलं असे साधारण तीसेक जण येतील.

कायद्यात मंडळाच्या सदस्यांसाठी, म्हणजे दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्यांसाठी, नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यायचं असं स्पष्ट लिहिलंय (२०१५ चा बाल न्याय कायदा, कलम ४). पण पोरगं मंडळात आलं की त्याला आधी कोण भेटतं? दारातला शिपाई, मग खिडकीतली मी. आमच्या ट्रेनिंगबद्दल कोणी बोलतच नाही. मला विशेषतः किरकोळ गुन्ह्यांच्या केसेसबद्दल हवंय, मोबाईल, सायकल, मारामारी, कारण आमच्याकडे ढीग त्यांचाच आहे. ज्यांनी हे काम केलंय किंवा बाहेरून बघितलंय त्यांनी सांगा, सत्रं काय ठेवू?

काळाकोट
ताई, विषय चांगला काढलात. मी वकील, मंडळात पॅनेलवर जातो. माझं पहिलं सत्र असेल 'किरकोळ म्हणजे काय'. हसू नका, निम्म्या लोकांना वाटतं की वस्तू स्वस्त असली की गुन्हा किरकोळ. तसं नाहीये. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे तो किरकोळ, ३ ते ७ वाला गंभीर, आणि कमीत कमी शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असेल तर निर्घृण. मध्ये एक फट होती, जास्तीत जास्त ७ च्या वर पण किमान शिक्षाच दिलेली नाही, असे गुन्हे कुठे बसवायचे? ते २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने गंभीरमध्ये घातले आणि २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातही आलं.

आता गंमत बघा. बाजारात कोणाचा मोबाईल उचलला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, तीन वर्षांपर्यंत, किरकोळ. हातातून हिसकावून पळाला तर ३०४, तेही तीन वर्षांपर्यंत, किरकोळच. पण तोच मोबाईल शेजारच्या घरातल्या टीव्हीवरून उचलला तर ३०५, सात वर्षांपर्यंत, म्हणजे गंभीर! मोबाईल तोच, पोरगं तेच, पण फाईलचा रस्ता बदलला, कारण किरकोळला संक्षिप्त (झटपट) पद्धत आणि गंभीरला समन्स केसची, जरा लांबची पद्धत. लिपिकाने रजिस्टरला चुकीच्या रकान्यात नोंद केली की पुढचं सगळं गाडं त्याच रुळावर जातं. आणि १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुनी भादंवि (भारतीय दंड विधान), ३७९ आणि ३८०, हेही विसरू नका.

रोजनामा
काळाकोट सर, हे टीव्हीवरच्या मोबाईलचं उदाहरण मी उचलतेय (कलम ३०३ की ३०५ ते तुम्ही ठरवा 😀).

साध्यावेषात
पोलिसांकडून एक तक्रार लिहू का, राग मानू नका. मी ठाण्यात बाल कल्याणचं काम बघतो. नियम असा आहे की गुन्हा निर्घृण आहे, म्हणजे मोठ्या माणसाला किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त आहे, किंवा बरोबर सज्ञान आरोपी आहे, तेव्हाच एफआयआर. बाकी वेळी पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत (ठाणे दैनंदिनी) नोंद करायची, पोराचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल नमुना १ मध्ये भरायचा आणि तो मंडळाकडे द्यायचा. २०१६ च्या केंद्राच्या आदर्श नियमांत हे सरळ लिहिलंय. मी बरोबर तसे कागद घेऊन गेलो, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या गुन्हा रजिस्टर नंबर (एफआयआर झाली की पडतो तो) कुठाय, रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी म्हटलं मॅडम नंबर नाहीच आहे, नसायलाच हवा. तर म्हणे नंबर घेऊन या. तीन चकरा. शेवटी आमच्या साहेबांनी वैतागून एफआयआर करून टाकली, एका सायकलसाठी! त्या पोराच्या नावावर कायमचा नंबर पडला कारण एका रजिस्टरला रकाना होता.

रोजनामा
बापरे. ती खिडकी माझी नव्हती एवढंच सांगते, पण सुरुवातीला मीही हेच केलं असतं, कारण फौजदारी टेबलावर नंबराशिवाय कागद घेतला तर आपली खैर नसते. अकरा वर्षांची सवय असते हो. म्हणजे आमच्या लोकांना नवीन शिकवण्याआधी जुनं विसरायला लावायचंय.

सरळमार्गी
सगळं छान चाललंय पण एक विचारू? ज्याचा मोबाईल गेला त्याच्यासाठी कोणाचं ट्रेनिंग आहे का? पोरं चोऱ्या करणार, आपण त्यांना 'बाळा बस, पाणी पी' करणार. पुण्याचं कल्याणीनगरचं कार अपघाताचं प्रकरण विसरलात वाटतं, मे २०२४, अल्पवयीन पोराला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहा म्हणे. असल्या लाडांनीच वाटोळं झालंय.

काळाकोट
ते प्रकरण दोन माणसांच्या मृत्यूचं होतं, किरकोळ गुन्ह्याचं नाही, आणि चुकलं काय असेल ते मंडळाच्या आदेशाबद्दल आहे, लिपिकाच्या नाही. तो वाद इथे नको, वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

परिविक्षा_अधिकारी
सरळमार्गी, तुमचा प्रश्न मला आवडला खरं तर, कारण तक्रारदार पण त्याच खिडकीशी उभा असतो आणि त्याच्याशीही कोणी धड बोलत नाही. मोबाईल मुद्देमालात पडून, तो बिचारा चार वेळा कामधंदा सोडून येतो. रोजनामा ताई, मुद्देमाल लवकर परत करण्याचा अर्ज कसा घ्यायचा हे पण एक सत्र ठेवा.

पण लाड म्हणाल तर, दोष सिद्ध झाला तर मंडळ काय काय करू शकतं ते कलम १८ मध्ये बघा. समज देणं आहे, समुपदेशन आहे, सामाजिक सेवा आहे, आईबापाकडून दंड आहे, माझ्यासारख्या परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवणं आहे, आणि अगदी शेवटी विशेष गृह, म्हणजे मुलांना ठेवायची संस्था. आणि मोठ्या माणसाने सुद्धा पहिल्यांदाच ५ हजारांच्या आतली चोरी केली आणि वस्तू परत केली तर नवीन संहितेत त्याला सामाजिक सेवाच आहे. मग चौदा वर्षांच्या पोराला आपण त्याहून कडक वागवायचं का.

आता स्टाफबद्दल. पोराला पकडलं की पोलिसांनी आईबापाला आणि मला कळवायचं आणि मी दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात मला कळतं तारखेच्या आदल्या दिवशी, कारण पत्र टपालाने निघतं आणि टपाल रजिस्टरला साहेबांची सही व्हायची असते. कृपा करून तुमच्या लोकांना शिकवा की पोरगं पहिल्यांदा हजर झालं त्याच दिवशी परिविक्षा अधिकाऱ्याला फोन करायचा आणि फोन केला हे रोजनाम्यात (केसच्या रोजच्या नोंदीत) लिहायचं. पत्र मागाहून येऊ दे.

निवृत्त_नाझर
चाळीस वर्षं कोर्टात काढली, शेवटची सहा मंडळात. तुम्ही लोक कलमं फार सांगताय, शिपायाला कलम सांगून काय करणार? मी एकच युक्ती सांगतो, फुकट आहे. फाईलच्या पुठ्ठ्यावर, आत नाही, वरच, तीन तारखा लाल पेनने लिहायच्या. पहिली हजेरी, हजेरीपासून चार महिने, हजेरीपासूनच सहा महिने. चौकशी चार महिन्यांत संपवायची, लेखी कारण देऊन जास्तीत जास्त दोन महिने वाढ, आणि किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर केस बंद. वाद नाही, अर्ज नाही, कायद्यानेच बंद. पण बंद करायला ती कोणाच्या तरी नजरेस पडायला हवी ना! आमच्याकडे अशा फायली होत्या की पोराला मिसरूड फुटून लग्न झालं, बायकोला घेऊन तारखेला यायचा, आणि आम्ही आपले तारीख देतोय पुढची.

काळाकोट
+१ नाझर साहेब. आणि हे एकट्या आपल्याकडचं नाही, २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की किरकोळ गुन्ह्यांच्या ज्या चौकश्या वर्षाहून जास्त पडून आहेत त्या सगळ्या बंद समजा. कायद्यात तरतूद २०१६ पासून लागू, तरी हायकोर्टाने हाताला धरून सांगायची वेळ आली. मला तरी त्यात वाईट हेतू दिसत नाही, पुठ्ठ्यावर तारीख नव्हती एवढंच.

आणखी एक, किरकोळ गुन्ह्यात मंडळ पहिल्याच हजेरीला सुद्धा केस निकाली काढू शकतं, नियमात आहे. पण त्यासाठी त्या दिवशी टेबलावर कागद लागतात, पोलिसांचा अहवाल, वयाचा दाखला, आईबाप हजर. वय म्हणजे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. लिपिकाने आदल्या दिवशी एक फोन केला, 'येताना शाळेचा दाखला आणा', तर त्या पोराचे तीन महिने वाचतात. (अवांतर : शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असणाऱ्यांची संख्या बघितली तर महाराष्ट्रात बाकी दिवशी कोणी जन्माला येतं की नाही अशी शंका येते.)

नाव_नको
वाचत होतो, लिहावं की नाही विचार करत होतो. मी पंधरा वर्षांचा असताना मंडळासमोर उभा राहिलोय. कारण सांगत नाही, किरकोळच होतं. आता तिशी ओलांडली, नोकरी आहे, मुलगी आहे.

मला दंडाधिकारी मॅडम काय बोलल्या ते एक अक्षर आठवत नाही. वकील कोण होता आठवत नाही. आठवतो तो पुकारा. आम्ही बाकड्यावर बसलेलो, मी आई आणि मामा, शेजारी दुसऱ्या लोकांची गर्दी, आणि शिपायाने दारातून माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खड्या आवाजात तीनदा. माझे वडील वारले होते त्याच वर्षी. आई उठलीच नाही एक मिनिट. बाकी त्या माणसाने काही वाईट केलं नाही, नंतर त्यानेच पाणी आणून दिलं, त्याची ती रोजची पद्धत होती.

तुमच्या ट्रेनिंगला तेवढं सांगा.

परिविक्षा_अधिकारी
लिहिलंत हे फार बरं झालं. वाचून थोडा वेळ काही टाईप करता आलं नाही.

रोजनामा
नाव_नको दादा, मी काय बोलू. आमच्याकडे आजही पुकारा होतो. कलम ७४ म्हणजे पेपरात नाव छापायचं नाही, फोटो टाकायचा नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, हे मला पाठ आहे, पण हा नियम आपल्याच व्हरांड्याला कधी लावून बघितला नाही. आणि भिंतीवर आजच्या केसेसची यादी लावतो, आम्ही तिला 'बोर्ड' म्हणतो, त्यावरही नावं असतात, आणि लोक मोबाईलवर त्याचा फोटो काढून वकिलांच्या ग्रुपवर टाकतात. म्हणजे पेपरवाल्यांना नोटीस काढणारे आम्ही आणि रोज सकाळी साडेदहाला भिंतीवर छापणारेही आम्हीच.

खुर्चीखाली
मी एका मंडळात समाजसेवक सदस्य होते, मुदत संपली. ताई, जागेबद्दल पण बोला जमलं तर. आदर्श नियमांप्रमाणे मंडळ कोर्टाच्या आवारात बसायचंच नाही, निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) किंवा त्याच्या जवळ बसायचं, आणि खोली कोर्टासारखी दिसायला नको, उंच चौथरा नको, पिंजरा नको. आमच्याकडे चौथरा नव्हता पण टेबल इतकं मोठं होतं की समोरच्या बुटक्या पोराचं फक्त कपाळ दिसायचं. आमच्या शिपाई मावशींनी एके दिवशी स्वतःच खुर्ची आणून आमच्या बाजूला, टेबलाच्या कडेला ठेवली. आदेश नाही काही नाही. त्या दिवसापासून पोरं बोलायला लागली. पोलिसांनी मारलं का, वकिलाने त्रास दिला का, हे चौकशी सुरू करतानाच मंडळाने खात्री करून घ्यायचं असतं, कायद्यातच आहे, पण दहा फुटांवरून विचारलं तर 'नाही मॅडम' एवढंच उत्तर येतं.

आणि स्टेनोसाठी शब्द. आरोपी नाही, विधी संघर्षग्रस्त बालक. अटक नाही, ताब्यात घेतलं. खटला नाही, चौकशी. चार्जशीट नाही, अंतिम अहवाल. पहिल्यांदा लांबलचक वाटतं, जीभ अडखळते, पण कलम ३ मध्ये तत्त्वच आहे की कलंक लावणारे शब्द वापरायचे नाहीत.

सरळमार्गी
शब्द बदलून काय होतं पण? चोर तो चोर.

नाव_नको
सर मी बँकेच्या नोकरीला लागलो तेव्हा पोलीस व्हेरिफिकेशन होतं. आठ दिवस झोपलो नाही. जुन्या कागदावर काय शब्द टाईप झालाय त्यावर माझं सगळं होतं.

काळाकोट
आणि इथे पण लिपिकच येतो मध्ये. कायदा म्हणतो की मुलाला त्या केसमुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही (कलम २४), प्रकरण बंद किंवा निकाली झालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी ते उघड करायचं नाही, आणि दोषसिद्धीचं रेकॉर्ड अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा ७ वर्षं, त्यापुढे नाही, नष्ट करायचं. अपवाद एकच, सोळा-अठरा वयाचा, निर्घृण गुन्हा, आणि मंडळाने नव्हे तर वरच्या बाल न्यायालयाने दोषी धरलेला. आता रेकॉर्ड रूममध्ये किती जण वर्षाला एकदा यादी काढून 'याची सात वर्षं झाली, नष्ट करण्याचा आदेश घ्या' म्हणतात? आपल्या कोर्टात कागद सांभाळून ठेवणं म्हणजे पुण्य, फाडणं म्हणजे नोकरी जाणं. लिपिकाला लेखी आदेशाचा नमुना हातात द्या, तरच तो हात लावेल.

निवृत्त_नाझर
शंभर टक्के बरोबर. मी स्वतः एक कागद नष्ट केला नाही, भीतीने.

साध्यावेषात
ट्रेनर कोण आणताय ताई? आमच्या ट्रेनिंगला एक साहेब आले, दोनशे स्लाईड, एसी हॉल, जेवणानंतर सगळे घोरत होते.

रोजनामा
तेच टाळायचंय. दंडाधिकाऱ्यांची प्रशिक्षणं उत्तनच्या न्यायिक अकादमीत होतात, तिथलं साहित्य मिळतंय का बघतेय. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा बाल न्यायावर काम करणारा रिसोर्स सेल आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्सचा 'संवाद' उपक्रम मुलांशी बोलायचं कसं ते शिकवतो, त्यांना पत्र टाकलंय. पण मला वाटतंय एक सत्र नाझर साहेबांनी घ्यावं, लाल पेन घेऊन. येता का साहेब?

निवृत्त_नाझर
गुडघे दुखतात पण येतो. पहिल्या मजल्यावर ठेवू नका.

रोजनामा
(तीन आठवड्यांनी) धागा वर आणतेय. झालं एकदाचं ट्रेनिंग. तळमजल्यावर!

पहिला दिवस बरा गेला, वर्गीकरणाच्या सत्राला सर्वात जास्त भांडणं झाली, टीव्हीवरच्या मोबाईलवरून दोन लिपिक जेवणाच्या सुट्टीतही वाद घालत होते. नाझर साहेबांनी पंधरा जुन्या फायली (नावं झाकून) वाटल्या आणि पुठ्ठ्यावर तारखा लिहायला लावल्या. पंधरातल्या सहा फायली सहा महिन्यांच्या पुढे गेलेल्या निघाल्या, सगळ्या किरकोळ. त्या सहाची यादी मी दुसऱ्याच दिवशी दंडाधिकारी मॅडमसमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी नाव_नको दादांची पोस्ट नाव-गाव न सांगता वाचून दाखवली आणि मग नाटक केलं. आमचे एक शिपाई आहेत, दोन वर्षांत रिटायर होतील, पुकारा म्हणजे त्यांची शान, आवाज असा की बार रूममध्ये चहा सांडतो. त्यांना बाकड्यावर पोरगा म्हणून बसवलं, शेजारी एक स्टेनो आई म्हणून, आणि दुसऱ्या शिपायाने दारातून त्यांचंच पूर्ण नाव पुकारलं, तीनदा. आधी सगळे हसले. ते उठले, दोन पावलं आले, आणि म्हणाले, "एवढ्या लोकांत वडिलांचं नाव कशाला घेतो रे?" मग खाली बसले. हसणं थांबलं होतं.

सोमवारपासून ते स्वतः बाकड्यापाशी जातात, वाकून हळूच नंबर सांगतात. भिंतीवरच्या बोर्डावरही आता नावं नाहीत, नुसते केस नंबर. एका वकिलाने तक्रार केली की ऐकूच येत नाही, त्यावर ते म्हणाले, "तुम्हाला कुठं बोलावलंय साहेब, मी त्याला बोलावलंय."

जे जमलं नाही ते पण लिहिते. चौकशी अजून कोर्टाच्याच आवारात चालते, जागा नाही. रजिस्टरमधला गुन्हा नंबराचा रकाना छापील आहे, नवीन रजिस्टर येईपर्यंत त्यात ठाणे दैनंदिनीचा नोंद क्रमांक लिहायचं ठरवलंय. रेकॉर्ड नष्ट करण्याच्या आदेशाचा नमुना काळाकोट सरांनी करून दिला, मॅडमच्या टेबलावर आहे.

साध्यावेषात
रकान्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो. खरंच सांगतो.

नाव_नको
त्या काकांना माझा नमस्कार सांगा. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हळूच सांगितलं तरी ऐकू येतं की.

खुर्चीखाली
ताई तो नमुना आणि स्टेनोसाठीच्या शब्दांचा ('आरोपी नाही, बालक' वाला) तक्ता इथे टाकाल का, शेजारच्या जिल्ह्यात पाठवते.

रोजनामा
टाकते, स्कॅनर बंद आहे, बुधवारपर्यंत फोनवरून फोटो काढून देते. तक्त्यात स्टेनोने परत एका ठिकाणी 'आरोपी' टाईप केलंय, ते आधी खोडते.